दीपगृहाचा उजेड किती दूर दिसतो?

मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. दिवा एवढ्या उंचावर कशासाठी? पृथ्वी गोल आहे म्हणून. दिव्याच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ३.६ ने गुणले की क्षितिजाचे अंतर साधारणपणे किलोमीटरमध्ये मिळते. दिवा ३६ मीटर उंचीवर असेल तर ६ × ३.६, म्हणजे २१.६ किलोमीटर. खलाशाचा डोळा पाण्यापासून ९ मीटर उंच असेल तर त्यात आणखी १०.८ किलोमीटरची भर पडते. दिवा कितीही प्रखर केला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

किनाऱ्यावरची दीपगृहे ओळखायची कशी? प्रत्येकाच्या उघडझापीचा क्रम वेगळा असतो. तीच त्याची ओळख.

ही व्यवस्था केंद्र सरकारचे दीपगृह महासंचालनालय पाहते. १९२७ च्या कायद्याची जागा २०२१ मध्ये नव्या कायद्याने घेतली. आता उपग्रहांमुळे जहाजाला आपली जागा कळते, मग दीपगृहे हवीत कशाला? उपग्रहाचे संकेत क्षीण असतात. ते दडपता येतात, खोटेही पाठवता येतात. अशा वेळी डोळ्यांना दिसणारा दिवा हा स्वतंत्र पुरावा ठरतो.

कल्याणच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या गच्चीची उंची मोजावी. मध्ये डोंगर-इमारती नसत्या, तर तिथून क्षितिज किती दूर दिसले असते?