शोधपदांचा संक्षेप आणि देवनागरी सूची

हस्तलिखितांच्या याद्या, अभंगांच्या प्रथम चरणांच्या सूची आणि कोशांतील नोंदी आता मोठ्या प्रमाणावर रिलेशनल डेटाबेसमध्ये साठविल्या जात आहेत. अशा संग्रहाची आखणी करताना अभियंता विचारतो की, सूचीत प्रत्येक पदाचा किती भाग ठेवावयाचा? वाङ्मयाचा अभ्यासक हा प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा समजून सोडून देतो. वस्तुतः त्याचे उत्तर त्यानेच दिले पाहिजे. कारण पदाचा संक्षेप करणे आणि पद छाटणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत काहीही हरवत नाही, दुसरीत हरवू शकते.

एडगर कॉड यांनी रिलेशनल प्रतिमान 1970 साली मांडले. बायर आणि मक्‌क्रेट यांचा ‘बी-ट्री’ या वृक्षाकार सूचीरचनेवरील निबंध 1972 साली प्रसिद्ध झाला. या रचनेत सूची ठरावीक आकाराच्या पानांत विभागलेली असते. पोस्टग्रेसमध्ये असे पान सामान्यतः 8 किलोबाईटचे असते. वरच्या पानांवर केवळ दिशादर्शक पदे असतात, तळाच्या पानांवर प्रत्यक्ष शोधपदे, म्हणजे अभियंत्यांच्या भाषेत ‘की’. एका पानात जितकी अधिक पदे मावतील तितकी पाने कमी लागतात आणि सूचीचा तितका मोठा भाग संगणकाच्या स्मृतीत राहू शकतो. तबकड्या स्वस्त झाल्यानंतरही हा विचार कालबाह्य झालेला नाही, याचे कारण हेच.

अकारविल्हे सूचीत शेजारची पदे सारखीच सुरू होतात. ‘पाणी’, ‘पाणीदार’, ‘पाणीपट्टी’, ‘पाणीपुरवठा’ ही चार पदे घेऊ. मात्रा आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे धरली, तर त्यांत अनुक्रमे 4, 7, 9 आणि 10, अशी एकूण 30 चिन्हे होतात. आता पहिले पद पूर्ण लिहावे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘मागील पदाची इतकी चिन्हे घ्या’ असा अंक देऊन केवळ उरलेला भाग लिहावा. ‘पाणीदार’साठी 4 आणि ‘दार’; ‘पाणीपट्टी’साठी 4 आणि ‘पट्टी’; ‘पाणीपुरवठा’साठी मात्र 5, कारण ‘पाणीप’ एवढा भाग मागील पदात येऊन गेला आहे. उरते ते उकाराच्या मात्रेपासून सुरू होणारे, व्यंजनावाचून लोंबकळणारे अर्धवट रूप. माणसाला ते वाचता येणार नाही. यंत्राला त्याची अडचण नाही. चिन्हांची संख्या 30 वरून 17 वर येते.

भारतीय वाचकाला येथे पाणिनीय परंपरेतील अनुवृत्ती आठवेल. मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात गृहीत धरावयाचे, पुन्हा उच्चारावयाचे नाही, हा तोच काटकसरीचा विचार होय. साम्य मात्र फार ताणू नये. अनुवृत्ती नेहमी आरंभीच्याच पदाची नसते आणि ती कोठे थांबते यावर टीकाकारांत मतभेद होऊ शकतात. यंत्रापाशी निःसंदिग्ध अंक असतो. तोट्याच्या बाजूचे साम्य मला अधिक मोलाचे वाटते. एकटे सूत्र उचलले तर ते दुर्बोध होते, म्हणून काशिकावृत्तीसारखी टीका गृहीत पदे भरून प्रत्येक सूत्राचा अर्थ पुरा करते. तसेच संक्षिप्त पानाच्या मध्यावरचे एखादे पद वाचावयाचे तर आरंभापासून सर्व पदे उलगडत यावे लागते. त्यासाठी काही रचनांत दर काही नोंदींनंतर एक पद पूर्ण लिहिण्याची सोय असते.

वरच्या पानांवरील दिशादर्शक पदांचा विचार बायर आणि उंटेराउअर यांनी 1977 साली केला. डावे पान ‘पाणीदार’पाशी संपत असेल आणि उजवे ‘पाणीपट्टी’पासून सुरू होत असेल, तर दोहोंमधील सीमा दाखविण्यास ‘पाणीप’ एवढे पुरे. तो शब्द कोणत्याही कोशात नसला तरी बिघडत नाही.

देवनागरीच्या बाबतीत हा हिशोब अधिक महत्त्वाचा ठरतो. यूटीएफ-8 या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 3 बाईट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ हा चार अक्षरांचा शब्द. पण त्यात 10 चिन्हे आहेत, म्हणजे 30 बाईट. 1991 च्या भारतीय मानकानुसार, म्हणजे ‘इस्की’ संकेतनात, तेथे 10 बाईट पुरत. या 3 बाईटांपैकी पहिला बाईट सर्व देवनागरी चिन्हांत एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. चिन्हाची खरी ओळख मुख्यतः तिसरा पटवितो. रोमन लिपीतील नोंदींवर बेतलेले जागेचे अंदाज भारतीय भाषांच्या संग्रहात चुकतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सर्व प्रणाली शब्दाच्या आत शिरून असा संक्षेप करीत नाहीत. ऑरॅकलने 1999 च्या 8आय आवृत्तीत आणलेली सोय संपूर्ण स्तंभांपुरती आहे. सूची भाषा, कवी आणि प्रथम चरण या क्रमाने केली, तर ‘मराठी, तुकाराम’ ही जोडी तळाच्या एका पानात एकदाच लिहिली जाते. तुकारामांच्या गाथेतील अभंग साडेचार हजारांच्या घरात आहेत. तेव्हा लाभ उघड आहे. उलट, प्रत्येक नोंदीचा वेगळा दाखलक्रमांक आरंभी ठेवून त्याचाच संक्षेप करू गेल्यास सूची लहान होण्याऐवजी वाढते.

छाटणीचा प्रकार याहून वेगळा. मायएसक्यूएलमध्ये पदाची केवळ पहिली काही चिन्हे सूचीत घेता येतात. सूची साधी असेल तर नुकसान नाही. प्रणाली मूळ नोंद उघडून उरलेला भाग ताडून पाहते, इतकेच. परंतु हीच सूची ‘अनन्य’ म्हणून घोषित केली, तर अनन्यता त्या छाटलेल्या तुकड्यावर ठरते. मर्यादा 10 चिन्हांची असेल, तर ‘ज्ञानेश्वर’ आणि अकरा चिन्हांचे ‘ज्ञानेश्वरी’ यांत प्रणालीला भेद दिसत नाही. कवीची नोंद आधी झाली असेल तर ग्रंथाची नाकारली जाते. हजारो नोंदी एकदम भरताना ‘इन्सर्ट इग्नोर’ ही आज्ञा वापरली असेल, तर काम थांबत नाही. नोंद वगळली जाते आणि मागे उरते ती केवळ एक सूचना, जी बहुधा कोणी वाचत नाही. म्हणून नोंदी भरण्यापूर्वीची आणि नंतरची संख्या अभ्यासकाने स्वतः मोजून पाहावी, आणि अनन्यतेची अट पूर्ण पदावर आहे की त्याच्या तुकड्यावर, हे आखणी करणाऱ्याकडून लेखी घ्यावे.