परसातील भाजी आणि विक्रीचे नियम

पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरकडील परसांत भेंडी, दोडकी, कारली यांचा बहर येतो. घरची गरज भागून उरलेली भाजी विकण्यास कायद्याची आडकाठी आहे काय? मुळीच नाही. राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे आपला माल थेट ग्राहकास विकता येतो.

नियम आहेत ते जागेचे, मापाचे व शुद्धतेचे. शेजाऱ्यास घरी भाजी देणे निराळे आणि रस्त्यावर टोपली मांडणे निराळे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये रस्त्यावरील विक्रीस प्रमाणपत्र लागते. त्यासाठी उल्हासनगरात महानगरपालिकेकडे, तर अंबरनाथ व बदलापूर येथे नगरपरिषदेकडे चौकशी करावी. माल जप्त झाल्यास यादीची प्रत अवश्य घ्यावी. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच, शुल्क भरून, परत मिळण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.

तराजू व वजने वैधमापन विभागाकडून पडताळून घेतलेली असावीत. वालधुनी नदीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. ते पाणी भाजीस घालू नये. आपल्या मुलांच्या ताटात जे वाढाल, तेच टोपलीत ठेवावे.