लेपटीचे दोन्ही डोळे एकाच बाजूला का?

अलिबाग, मुरूड, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यातल्या घरांना लेपटीची ओळख करून द्यायला नको. कुठे तिला लेप म्हणतात, कुठे लेपा. साल ओढायची, हळद-मीठ-मसाला चोळायचा, रव्यात घोळवून तळायची आणि गरम असतानाच दस्तरखानावर ठेवायची, एवढाच तिच्याशी आपला संबंध. पण साफ करताना हा मासा जरा निरखून पाहावा. एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरीफटक. तोंड वाकडे. आणि दोन्ही डोळे तपकिरी बाजूलाच!

वर्गात आम्ही मुलांना विचारतो, याची पाठ कुठली आणि पोट कुठले? बहुतेक जण पांढऱ्या बाजूवर बोट ठेवून सांगतात, हे पोट. ते पोट नव्हे, ती लेपटीची उजवी कूस आहे. उर्दूत ज्याला करवट म्हणतात, तशा एकाच करवटीवर हा मासा सारा जन्म काढतो. वरची बाजू तपकिरी, कारण तिला उजेड आणि शत्रू दोन्हींना तोंड द्यावे लागते. खालची बाजू कुणाला दिसतच नाही, मग तिला रंग हवा कशाला?

जन्मतः मात्र तो असा नसतो. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू इतर माशांसारखेच उभे पोहते आणि त्याला दोन्हीकडे एकेक डोळा असतो. ते जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे झाले की कवटी वळू लागते आणि एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडच्या डोळ्याशेजारी जाऊन बसतो. त्याच सुमारास पिल्लू तळ गाठते आणि आडवे होते. लेपटीचे डोळे डाव्या अंगाला असतात, काही चपट्या माशांचे उजव्या. बाजारात ओळखायची युक्ती सोपी आहे. डोळ्यांची बाजू आपल्याकडे आणि पोटाची कड खाली धरावी. तोंड आपल्या डाव्या हाताकडे आले तर मासा डाव्या डोळ्यांचा. आपल्या समुद्रातल्या भाकसाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा सरकणारा डोळा डोक्याच्या कडेपर्यंतच पोहोचतो आणि तिथेच राहतो. शिवाय भाकस डाव्या डोळ्यांचाही सापडतो आणि उजव्याही.

या रूपाचे कोडे माणसाला जुनेच आहे. अरबी बोलणाऱ्या मिसरमध्ये या जातीच्या माशाला 'समक मूसा' म्हणतात, म्हणजे मूसाचा मासा. लोककथा अशी की, हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी समुद्र दुभंगला तेव्हा नेमका मधे सापडलेला मासा उभा चिरला गेला आणि त्याचे दोन अर्धे मासे झाले. दमीरी यांच्या 'हयातुल हैवान' या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात अबू हामिद अंदलुसी या प्रवाशाचे निवेदन आहे. सब्ता शहराजवळ त्यांनी एक मासा पाहिला. एका अंगाला नुसती हाडे आणि पातळ कातडे, डोके अर्धे, डोळा एकच. हजरत मूसा आणि त्यांचा तरुण सोबती यांनी अर्धा खाल्लेल्या माशाचा हा वंश, असे तिथले लोक मानत. सूरह कहफमध्ये त्या प्रवासातल्या माशाचा उल्लेख आहे, पण तो चपटा होता किंवा अर्धा खाल्लेला होता असे तिथे म्हटलेले नाही. कथा लोकांची आहे, आणि कथा म्हणून ती आम्हाला फार आवडते. फक्त मासा अर्धा नाही. तो पुरता आहे, आडवा झालेला आहे एवढेच.

आडवे होण्याचा फायदा लपण्यात. चपटा मासा पर फडफडवून वाळू उडवतो, ती अंगावर पडू देतो आणि फक्त डोळे बाहेर ठेवून निपचित राहतो. हे डोळे उंचवट्यावर बसवल्यासारखे असतात आणि एकमेकांची वाट न पाहता वेगवेगळ्या दिशांना फिरतात. वाळू अंगावर नसली तरी बिघडत नाही, कारण कातडी स्वतःच वाळूसारखी होते. कातडीत रंगपेशी असतात. काळ्या-तपकिरी पेशींतले रंगाचे कण पसरले की अंग गडद दिसते, मध्यभागी गोळा झाले की फिके. पिवळ्या-नारिंगी पेशी वेगळ्या आणि उजेड परतवणाऱ्या वेगळ्या. हुकूम मेंदूकडून मज्जातंतूंवाटे येतो, आणि मेंदूला खबर देतात डोळे. फ्रान्सिस समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1911 साली छापलेल्या प्रयोगांत मासे वाळू, खडी आणि रंगवलेल्या चौकटींवर ठेवून पाहिले. दृष्टी गेलेल्या माशांना तळाशी जुळवून घेता येईना. म्हणजे कातडी आपोआप रंग शोषत नाही. मासा आधी पाहतो, मग रंगतो.

मग प्रश्न आला, तो किती लवकर रंगतो? तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये 'नेचर'मध्ये याचे उत्तर दिले. उष्ण समुद्रातले फ्लाउंडर त्यांनी टाकीत निरनिराळ्या नक्षींवर ठेवले. मासे 2 ते 8 सेकंदांत जुळवून घेत. बुद्धिबळाचा पट खाली ठेवला की माशाच्या पाठीवर पट छापला जातो, असे मात्र नाही. त्याच्याकडे लहान-मोठ्या ठिपक्यांचे मोजकेच संच असतात. त्यांतला कुठला किती गडद करायचा आणि कुठला फिका, एवढ्यावर तो निभावून नेतो. चार मसाल्यांत दहा कालवणे करणाऱ्या सुगरणीची आम्हाला इथे आठवण होते.

तांबड्या समुद्रातल्या 'मोझेस सोल'ला, म्हणजे तिथल्या मूसाच्या माशाला, रंगाखेरीज आणखी एक आसरा आहे. त्याच्या परांच्या मुळाशी ग्रंथी असतात आणि त्यांतून दुधासारखा विषारी द्रव पाझरतो. युजेनी क्लार्क या मत्स्यशास्त्रज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात हा मासा शार्कपुढे ठेवून पाहिला. शार्क चावायला आला आणि त्याला जबडा मिटता येईना! पुढे या द्रवातले मुख्य द्रव्य साबणासारखे वागते असे दिसले, तेव्हा साध्या धुण्याच्या साबणातले एक द्रव्यही शार्कवर वापरून पाहण्यात आले. तेही शार्कला नकोसे झाले.

हे सारे रक्षण आहे ते पाहणाऱ्या आणि चावणाऱ्या शत्रूपासून. जाळे पाहत नाही. धोका दिसला की हलायचे नाही हीच चपट्या माशाची सवय, आणि तळ खरवडत येणाऱ्या ट्रॉलर-जाळ्यापुढे तीच त्याला भोवते. उत्तर समुद्रात तर अशा माशांसाठी जाळ्याच्या पुढे जड साखळ्या बांधतात. साखळी वाळू उकरते, मासा दचकून वर उठतो आणि मागून येणाऱ्या जाळ्यात जातो. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिल्लेही येतात. डोळा सरकून, आडवे होऊन ती नुकतीच तळाला टेकलेली असतात. बाजारात कोळंबीच्या ढिगात कधी कधी दिसणारी लहानगी लेपटी ती हीच. कोळीण ती निवडून बाजूला टाकते, कारण तिला गिऱ्हाईक नसते.