मीठ फुटलेल्या रानातले काळे शेवाळ

मे महिन्यात लोणी काळभोरला कालव्याच्या कडेने चालताना बांधाजवळ वाकून पाहिले, तर मातीला चिकटलेला एखादा काळा पापुद्रा सापडू शकतो. चुरगाळला तर जुन्या कागदासारखा मोडतो. त्यावर बाटलीतले पाणी ओता आणि तिथेच बसा. थोड्या वेळात तो फुगतो, बोटाला बुळबुळीत लागतो, काळ्यातून हिरवट झाक वर येते. हे नॉस्टॉक. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण ते आहेत जिवाणू: सायनोबॅक्टेरिया, उन्हावर स्वतःचे अन्न करणारे.

संग्रहात वाळवून ठेवलेला नॉस्टॉकचा एक नमुना ८७ वर्षांनी पाण्यात टाकल्यावर पुन्हा वाढू लागला, अशी नोंद १९४१ साली झाली. इतकी वर्षे तो कशावर जगला? खरे तर तो थांबून राहिला. पेशींच्या माळेभोवतीचा चिकट थर पाणी सावकाश सोडतो, म्हणून आवरासावर करायला वेळ मिळतो. ट्रेहॅलोज नावाची साखर पाण्याची जागा घेते आणि पेशीचे पातळ पडदे कोसळू देत नाही. त्या थरातले पिवळसर तपकिरी स्कायटोनेमिन अतिनील किरणे अडवते. पापुद्र्याचा काळपटपणा बराचसा त्याचाच. पाणी मिळाले की आधी श्वसन, मग प्रकाशसंश्लेषण आणि सर्वांत शेवटी हवेतला नायट्रोजन बांधण्याचे खर्चिक काम सुरू होते.

दुष्काळाहून अवघड आहे मीठ. इथे कालव्याने खडकवासला धरणाचे पाणी आले, ऊस आला, पण काळ्या भारी जमिनीचा निचरा मंद. पाणी जास्त झाले की जमिनीखालची पातळी वर येते, पाणी उडून जाते, क्षार वरच राहतात. रान पांढरे पडते, मीठ फुटते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या अशा जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका काढली होती.

अशा मातीत मीठ पेशीतले पाणी बाहेर ओढते आणि सोडियम आत घुसून विषासारखे भिनते. ॲनाबिना हा दुसरा एक सायनोबॅक्टेरिया सोडियमला शक्यतो आत येऊ देत नाही, आलेला बाहेर फेकतो आणि पाणी धरून ठेवायला आत सुक्रोज साठवतो. सुक्रोज म्हणजे उसातलीच साखर! ज्या मिठाने ऊस खुंटतो, त्याच मिठाशी हा जीव उसाच्या साखरेने झुंजतो. मला हे कळले तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

मग असे शेवाळ टाकून रान गोडे करता येईल का? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले श्रीकुमार आपटे आणि जोसेफ थॉमस यांनी ॲनाबिना टोरुलोसाची चाचणी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील खारजमिनीत केली. निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. मध्यम खारट मातीत ते वाढले, नायट्रोजनही बांधला, सोडियम धरून ठेवला. पण मेल्यावर, कुजल्यावर तो मातीला परत केला. म्हणून शेवाळाची पुडी टाकून क्षार कायमचे जातील, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. त्यासाठी निचऱ्याचे चरच काढावे लागतात. पीक उभे आहे तोवर सोडियमचा भार शेवाळाने उचलावा आणि नायट्रोजनही पुरवावा, ही शक्यता मात्र त्या दोघांना आशादायक वाटली होती.