कांद्याची पट्टी आणि मॅट्रिक्सचा गुणाकार

दोन मॅट्रिक्स गुणायच्या म्हणजे दोन्हींतल्या त्याच त्या जागेवरचे आकडे गुणायचे, हा सगळ्यांत चिवट गैरसमज. बेरीज तशी होते, मग गुणाकार का नाही? खरी रीत मात्र नगर जिल्ह्यात कांदा विकणाऱ्या कुणाच्याही हातची आहे. समजा, एक नंबरचा माल 40 क्विंटल, दोन नंबरचा 30 आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, 10. नेप्तीच्या बाजारात भाव धरू क्विंटलला 1500, 1200 आणि 700 रुपये. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होते 60,000 अधिक 36,000 अधिक 7,000, म्हणजे 1,03,000. घोडेगावात 1600, 1100 आणि 650 मिळाले तर 1,03,500. (पाचशे रुपयांसाठी टेम्पो तिकडे वळवायचा का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

मालाच्या मॅट्रिक्समध्ये शेतकरी ओळीत आणि प्रत स्तंभात. भावांच्या मॅट्रिक्समध्ये प्रत ओळीत आणि बाजार स्तंभात. गुणाकारात प्रतीची बेरीज होऊन ती नाहीशी होते. उरतात शेतकरी आणि बाजार. म्हणून प्रोग्रॅममध्ये शेतकरी, बाजार आणि प्रत असे तीन लूप लागतात, आणि उत्तराचा प्रत्येक रकाना आधी शून्य करून घ्यावा लागतो. सी भाषेत फंक्शनमधल्या अ‍ॅरेला आपण शून्य दिलं नाही, तर त्यात जुना कचरा असू शकतो.

चिन्हांनीही घोळ घातला आहे. पायथनच्या नमपाय अ‍ॅरेत * जागच्या जागी गुणतो. मॅट्रिक्ससाठीचं @ हे चिन्ह 2015 मध्ये पायथन 3.5 बरोबर आलं. मॅटलॅबमध्ये * म्हणजे मॅट्रिक्सचाच गुणाकार.

आकार जुळले की उत्तर बरोबर, हा समज जास्त महागात पडतो. दोन शेतकरी, तीन प्रती, दोन बाजार असतील आणि क्रम उलटा झाला, तर प्रोग्रॅम एका शब्दानं तक्रार करत नाही. तो पहिल्या शेतकऱ्याला नेप्तीशी आणि दुसऱ्याला घोडेगावशी जोडून तीन बाय तीनचं निरर्थक उत्तर देतो. तो फक्त 2 आणि 2 जुळतात एवढंच पाहतो. ते दोन कशाचे, हे आपणच बघायचं.

लूपचा क्रम कसाही ठेवला तरी चालतं, हे उत्तरापुरतं खरं, वेळेपुरतं नाही. मेमरीत द्विमिती अ‍ॅरे तक्त्यासारखा नसतो. सी तो ओळीमागून ओळ सलग ठेवते, फोरट्रान स्तंभामागून स्तंभ. सीमध्ये प्रतीचा लूप सर्वांत आत घेतला, तर भावांच्या मॅट्रिक्समध्ये दर वेळी पुढच्या ओळीवर उडी मारावी लागते. बाजाराचा लूप आत घेतला की वाचन सलग होतं. अ‍ॅरे मोठे असतील तर त्याच हिशेबाला लागणाऱ्या वेळात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो.

हजार बाय हजारच्या दोन मॅट्रिक्सना या रीतीनं शंभर कोटी गुणाकार लागतात. त्याहून कमी शक्यच नाहीत, असंही पूर्वी वाटत होतं. 1969 मध्ये फोल्कर स्ट्रासेन यांनी दोन बाय दोनचं काम आठऐवजी सात गुणाकारांत करून दाखवलं, आणि मोठ्या मॅट्रिक्सचे तुकडे पाडून तीच युक्ती पुन्हा पुन्हा लावता येते.