कालिकतचं हिरवं पाणी

भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जच्या १९५४ सालच्या खंडात आर. सुब्रह्मण्यन यांचा दहा पानांचा एक लेख आहे. कालिकतजवळचा समुद्र हिरवा झाला होता, आणि तो कशामुळे झाला हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून शोधून काढलं होतं. पाण्यात नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव दाटला होता. पण हिरवेपणा नॉक्टिल्युकाचा नव्हता. तिच्या एकुलत्या एका पेशीच्या आत दुसरेच इवलेसे हिरवे जीव पोहत होते. त्या जीवांसाठी सुब्रह्मण्यन यांनी नवा वंश आणि नवी जाती मांडली आणि नाव दिलं : प्रोटोयुग्लीना नॉक्टिल्युकी.

हे नाव बावीस वर्षं टिकलं, मग चाळीस वर्षं बाद झालं आणि २०१६ मध्ये पुन्हा अधिकृत झालं. नॉक्टिल्युकाबद्दल मिळेल ते वाचण्याची मला बऱ्याच वर्षांपासूनची ओढ आहे. पण या नावाच्या प्रवासाइतकं मला दुसऱ्या कशानेच गुंतवून ठेवलेलं नाही. हिवाळ्यात रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर नॉक्टिल्युकामुळे लाटा निळ्या चमकल्या की चित्रफिती घरोघरी पोहोचतात, बातम्या छापून येतात, आणि निसर्गाचा चमत्कार म्हणून विषय तिथेच संपतो. याचा मला मनापासून खेद होतो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. ही पेशी कोण आहे, आणि तिच्या आत कोण आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १८१० मध्ये जेम्स मॅकार्टनी या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा हा चमकता जीव जेलीफिश समजून त्याला ‘मेड्युसा सिंटिलान्स’ म्हटलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातले डॉक्टर सुरिरे यांनी त्याला नॉक्टिल्युका हे नाव सुचवलं. लामार्कने ते आपल्या ग्रंथात घेतलं आणि नॉक्टिल्युका मिलिआरिस रूढ झालं. १८५५ मध्ये टी. एच. हक्स्लेने तिच्या रचनेवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तोंडाजवळच्या एका टणक उंचवट्याचं, म्हणजे ‘दाता’चं, वर्णन केलं. पुढे हेकेलने कुठेच बसत नाही म्हणून तिच्यासाठी सिस्टोफ्लॅजेलाटा हा वेगळाच गट उभा केला. कोड्यात टाकणाऱ्या जीवासाठी नवी चौकट बनवणं ही त्या काळची सवयच होती, आणि मला ती फारशी पटत नाही. जीव वेगळा दिसतो म्हणजे तो एकटा असतो असं नाही.

हे ओळखलं चार्ल्स कोफॉइड यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० मध्ये नॉक्टिल्युकाची रचना नव्या नजरेने वाचली आणि तिला डायनोफ्लॅजेलेटांत बसवलं. एरवीचा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे चाबकासारख्या कशाभिकांनी पोहणारा एकपेशीय जीव, ओळखायचा तो दोन खोबणींवरून. एक कमरपट्ट्यासारखी पेशीभोवती फिरते, दुसरी तिला काटकोनात खाली उतरते, आणि प्रत्येकीत एक कशाभिका असते. नॉक्टिल्युका म्हणजे फुगलेला गोळा. खसखशीच्या दाण्याएवढी ही पेशी नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि तिच्यावर ना कवच ना पट्टा. पण कोफॉइडनी तोंडाजवळची घळ नीट तपासली. ती उभी खोबणी होती. दाताच्या जवळ आडव्या खोबणीचा उरलासुरला अवशेष होता. कशाभिका खुरटलेली होती, तरी होती. म्हणजे फुगण्याच्या नादात या पेशीने डायनोफ्लॅजेलेटाची सगळी ओळख एका कोपऱ्यात दाबून टाकली होती. कोफॉइडनी हेकेलचा गट मोडीत काढला, आणि १९२१ मध्ये ऑलिव्ह स्वेझी यांच्याबरोबरच्या प्रचंड ग्रंथात मॅकार्टनीचं जातिनाम परत आणून तिला नॉक्टिल्युका सिंटिलान्स केलं. आज तेच नाव चालतं. भारतातले अभ्यासक मात्र पुढे कितीतरी वर्षं सुरिरेंचंच मिलिआरिस लिहीत राहिले. सुब्रह्मण्यन यांच्या लेखातही तेच आहे.

या पेशीचा आतला भाग पाहिला की कोफॉइडना किती कमी दुव्यांवर काम करावं लागलं ते कळतं. जवळपास सगळी जागा एका प्रचंड रिक्तिकेने व्यापलेली असते. तिच्यातला द्रव आम्लधर्मी असतो आणि अमोनियम आयनांनी भरलेला. समुद्राच्या पाण्यातल्या जड आयनांच्या जागी हलके अमोनियम भरले की पेशी आपोआप वर तरंगते, पोहण्याची गरज उरत नाही. म्हणूनच तिची कशाभिका खुरटली तरी चाललं. पेशीद्रव्य आणि केंद्रक तोंडाजवळ एका बाजूला गोळा झालेलं असतं, आणि तिथून बारीक धागे रिक्तिकेतून थेट पृष्ठभागापर्यंत गेलेले असतात. तोंडाशी एक आडव्या पट्ट्यांचा जाडसर स्पर्शक असतो. त्याच्या चिकट टोकाला डायटम ही सूक्ष्म शैवाले, माशांची अंडी, कोपेपॉड, जे सापडेल ते अडकतं आणि तोंडात जातं. ही पेशी शिकारी आहे. तिला स्वतःचं हरितलवक नाही.

केंद्रकाची गोष्ट तर वर्गीकरणाच्या दृष्टीने सगळ्यांत विलक्षण. डायनोफ्लॅजेलेटांचं केंद्रक जीवसृष्टीत वेगळं उठून दिसतं, कारण त्यांची गुणसूत्रं पेशी विभागत नसतानाही घट्ट वळलेली राहतात. मोठ्या नॉक्टिल्युकात हे दिसत नाही. तिचं केंद्रक इतर कुठल्याही प्रगत पेशीसारखं असतं. पण पुनरुत्पादनाच्या वेळी केंद्रक पुन्हा पुन्हा विभागतं, पेशीच्या पृष्ठभागावर हजाराच्या घरात कळ्या उगवतात आणि त्यातून छोट्या कशाभिकाधारी पेशी सुटतात. त्यांच्यात गुणसूत्रं घट्ट वळलेली असतात, आणि त्या साध्या कवचहीन डायनोफ्लॅजेलेटासारख्या दिसतात. जी ओळख मोठेपणी लपते ती पिल्लात उघडी पडते. नंतर जनुकांच्या तुलनेतून नॉक्टिल्युका डायनोफ्लॅजेलेटांच्या वंशवृक्षात बुंध्याजवळून फुटलेली शाखा असल्याचं समोर आलं, तेव्हा कोफॉइडचं म्हणणं पक्कं झालं.

प्रकाशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर खूप लिहिलं गेलं आहे. लाटेचा धक्का बसला की रिक्तिकेच्या पटलावरून विद्युत संकेत धावतो. १९६० च्या दशकात रॉजर एकर्ट यांनी तो मोजला. त्यामुळे आम्लधर्मी रिक्तिकेतले प्रोटॉन पेशीद्रव्यातल्या प्रकाश निर्माण करणाऱ्या सूक्ष्म कणांमध्ये शिरतात, आम्लता वाढते, ल्युसिफेरेज हे विकर जागं होतं आणि क्षणभर निळा झोत पडतो. तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टिकतो. तरंगण्यासाठी साठवलेलं आम्ल प्रकाशाच्याही कामी येतं, ही गोष्ट मला प्रकाशापेक्षाही सुंदर वाटते.

आता कालिकत. मलबार किनाऱ्यावर नॉक्टिल्युकाची चर्चा आधीपासूनच होती, कारण तिचा संबंध पोटाशी होता. १९५० मध्ये बी. एस. भीमाचार आणि पी. सी. जॉर्ज यांनी अकादमीच्याच प्रोसीडिंग्जमध्ये लिहिलं होतं की मलबार आणि कानडा किनाऱ्यावरची मासेमारी अचानक कोसळते, त्यामागे नॉक्टिल्युकाचं ‘लाल पाणी’ असावं. तारली आणि बांगड्यांवर जगणाऱ्या किनाऱ्यासाठी हा प्रश्न साधा नव्हता. सुब्रह्मण्यन त्याच किनाऱ्यावर, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात काम करत होते. ते मुळात शैवालतज्ज्ञ. मद्रासमध्ये एम. ओ. पी. अय्यंगार यांच्याबरोबर त्यांनी सायक्लोटेला या डायटमच्या पुनरुत्पादनावर मूलभूत काम केलं होतं, आणि मद्रास किनाऱ्यावरच्या डायटमांचं सविस्तर वर्णन १९४६ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. मत्स्यसंशोधनात आलेला हा वनस्पतीशास्त्रज्ञ होता, आणि मला वाटतं म्हणूनच नॉक्टिल्युकाच्या आतल्या हिरव्या ठिपक्यांकडे त्यांनी अन्नाचे तुकडे म्हणून दुर्लक्ष केलं नाही.

हे ठिपके त्यांच्याआधीही दिसले होते. १९२४ मध्ये ओस्त्रोउमोफ यांनी जर्मनमध्ये नॉक्टिल्युका आणि हिरवी शैवाले यांच्या सहजीवनाबद्दल लिहिलं होतं. पण त्या शैवालाला स्वतःचं स्थान सुब्रह्मण्यन यांनी दिलं. रिक्तिकेच्या द्रवात मुक्तपणे पोहणारा, एकाच कशाभिकेचा, हिरव्या लवकाचा जीव. एक कशाभिका आणि हिरवेपणा पाहून त्यांनी त्याला युग्लीनांच्या वर्गात बसवलं. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून तो तसाच दिसू शकत होता. वर्ग चुकला होता, पण हा जीव आधी माहीत असलेल्या कुठल्याही वंशात बसत नाही हे त्यांचं निरीक्षण त्यांनी ठामपणे मांडलं.

पुढचा अध्याय बिआट्रिस स्वीनी यांचा. सांता बार्बरामधल्या या शास्त्रज्ञ डायनोफ्लॅजेलेटांच्या शरीरातल्या घड्याळावरच्या कामासाठी आदराने ओळखल्या जातात. त्यांनी न्यू गिनीच्या समुद्रातली हिरवी नॉक्टिल्युका प्रयोगशाळेत वाढवली आणि प्रकाश असेल तर ती बाहेरच्या अन्नाशिवाय तगते हे १९७१ मध्ये दाखवून दिलं. आतला जीव फक्त राहत नाही, तो पोसतो. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी या जीवाची रचना पाहिली. ती युग्लीनाची नव्हती, हरित शैवालाची होती. १९७६ मध्ये त्यांनी त्याला पेडिनोमोनास या आधीच्या वंशात घातलं आणि प्रोटोयुग्लीना हे नाव मागे पडलं. त्यांनी युग्लीनापासून त्याला बाहेर काढलं ते योग्यच झालं. पण ते करताना स्वतंत्र वंशही पुसून टाकला, आणि इथे माझा कौल सुब्रह्मण्यन यांच्या बाजूने आहे. कमी ताकदीच्या साधनाने त्यांना जे वेगळेपण जाणवलं होतं, ते जास्त ताकदीच्या साधनाला दुय्यम वाटलं.

चाळीस वर्षांनी जनुकांनी निकाल दिला. लू वांग, शिन लिन, जोआकिम गोएस आणि सेन्जी लिन यांनी २०१६ मध्ये या शैवालाच्या तीन जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. तो हरित शैवालच आहे, पेडिनोफायसी वर्गातला. म्हणजे इथवर स्वीनी बरोबर. पण पेडिनोमोनास वंशातला तो नाही. त्याच वर्गातल्या दुसऱ्याच गणात, मार्सुपिओमोनाडेलिसमध्ये, तो पडतो. मग त्याला स्वतंत्र वंश हवा, आणि नामकरणाच्या नियमांप्रमाणे त्यासाठी सर्वांत जुनं वैध नाव तयारच होतं. १९५४ चं, कालिकतचं. या नावात युग्लीना आहे आणि जीव युग्लीना नाही, पण नाव अर्थाला साजेसं नाही म्हणून ते बदलता येत नाही. सुब्रह्मण्यन यांचं नाव त्या जीवाच्या मागे पुन्हा लागलं. पेडिनोमोनास नॉक्टिल्युकी असं जुन्या सवयीने अजून अनेक ठिकाणी छापलं जातं. ते थांबायला हवं असं मला तीव्रतेने वाटतं.

या चार लेखकांतले गोएस मूळचे गोव्याचे. त्यांचं आणि हेल्गा दो रोझारिओ गोम्स यांचं काम मोठ्या वादाच्या केंद्रस्थानी आहे, आणि तो वाद या इवल्या शैवालाभोवतीच फिरतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमांचा बहर येत असे. विसावं शतक संपता संपता तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचा दाट बहर येऊ लागला. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. जी. प्रभू मातोंडकर आणि त्यांचे सहकारी जहाजांवरून आणि ओशनसॅट उपग्रहाच्या मदतीने त्याचा माग काढत होते. २०१४ मध्ये गोम्स, गोएस, मातोंडकर आणि इतरांनी मांडलं की प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येत असल्यामुळे हे घडतं. कमी प्राणवायूत डायटमांना त्रास होतो, पण आतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण उलट जोमाने चालतं, हे त्यांनी प्रयोगातून दाखवलं. २०१८ मध्ये अनीश लोटलीकर आणि सहकाऱ्यांनी हे नाकारलं. त्यांनी ईशान्य अरबी समुद्रात खोल पाण्यावरचे बहर मोजले तेव्हा वरचा थर प्राणवायूने भरलेला होता. २०२० मध्ये गोएस यांच्या गटाने हिमालय आणि तिबेटच्या पठारावरचं बर्फ घटण्याशी हा बदल जोडला.

या वादात १९५४ चा लेख साक्षीदार म्हणून कोणी फारसा उभा करत नाही, आणि तो करायला हवा. नॉक्टिल्युका आणि शैवाल यांची ही जोडी अरबी समुद्रात कुठल्याही अलीकडच्या बदलाने जन्माला आलेली नाही. त्या बदलाच्या अर्धं शतक आधी ती कालिकतच्या समोर समुद्र हिरवा करण्याइतकी भरभराटीला होती. पण त्यावरून प्राणवायूचा मुद्दा खोटा ठरत नाही, कारण मलबार किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं प्राणवायूविरळ पाणी दरवर्षी वर येतंच. म्हणून जोडी जुनी, आणि तिचं हिवाळ्यात उत्तरेला, किनाऱ्यापासून दूर इतकं पसरणं नवं, असं दोन्ही बाजूंनी वेगवेगळं करून मांडलं पाहिजे. प्रयोगशाळेत शैवालाला कमी प्राणवायू मानवतो हे एक सत्य आहे. फेब्रुवारीत उघड्या समुद्रात बहर कशाने सुरू होतो हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहराच्या आधीच्या आठवड्यांतल्या, वरपासून खोलवरच्या मोजमापांतूनच मिळू शकतं.