फ्रेंच क्रियापदांचा ‘अँपार्फे’ : रूपसिद्धी, उपयोजन आणि मराठी भाषक विद्यार्थी

प्रस्तावना :

फ्रेंच भाषेत भूतकाळ व्यक्त करणारी क्रियारूपे अनेक आहेत. त्यांपैकी ‘पासे कोंपोझे’ आणि ‘अँपार्फे’ ही दोन दैनंदिन संभाषणात सतत वापरली जातात. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयात व पुढे पदवी स्तरावर फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो तो याच दोहोंत. या गोंधळाचे एक कारण फ्रेंच व्याकरणात नसून अध्यापनाच्या माध्यमात आहे. हा विषय बहुधा इंग्रजीच्या आधारे शिकविला जातो. इंग्रजीत ‘वेंट’ हे एकच रूप ‘गेलो’ आणि ‘जात असे’ या दोन्ही अर्थी चालते. मराठीत तसे चालत नाही. म्हणजे जो भेद विद्यार्थ्याला मातृभाषेत जन्मतः अवगत असतो, तोच पुसून टाकून त्याला फ्रेंचच्या दाराशी उभे केले जाते. प्रस्तुत लेखात अँपार्फेची रूपसिद्धी व उपयोजन यांचा विचार मराठी क्रियारूपांच्या संदर्भात केला आहे.

रूपसिद्धी :

अँपार्फेची रूपे सिद्ध करण्याचा नियम फ्रेंच व्याकरणातील अत्यंत नियमित नियमांपैकी एक आहे. वर्तमानकाळातील ‘नू’ (आम्ही) या कर्त्याचे रूप घ्यावे, त्याच्या शेवटचा ‘ओं’ हा प्रत्यय काढावा आणि उरलेल्या अंगाला नवे प्रत्यय लावावेत. ‘नू पार्लों’ (आम्ही बोलतो) यातून ‘पार्ल’ हे अंग मिळते, ‘नू फिनिसों’ यातून ‘फिनिस’, तर ‘नू ब्यूवों’ (आम्ही पितो) यातून ‘ब्यूव’. प्रत्यय सहा आहेत. एकवचनी तिन्ही पुरुषांत आणि अनेकवचनी तृतीय पुरुषात त्यांचा उच्चार ‘ए’ असा एकच होतो. ‘नू’साठी ‘इयों’ आणि ‘वू’साठी ‘इये’ हे प्रत्यय लागतात. अपवाद म्हणावा असे क्रियापद एकच, ‘एत्र’ (असणे). त्याचे ‘नू’चे रूप ‘सॉम’ असल्याने त्यातून ‘ओं’ काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे अंग ‘एत’ असे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे लागते. ‘पाऊस पडणे’ किंवा ‘आवश्यक असणे’ या अर्थाच्या क्रियापदांना ‘नू’चे रूपच नसते; त्यांची ‘इल प्लव्हे’, ‘इल फाले’ ही रूपे पाठच करावी लागतात.

लेखनाच्या काही बाबी तेवढ्या सांभाळाव्या लागतात. ‘मांझे’ (खाणे) यासारख्या क्रियापदांत ‘जी’ या अक्षराचा मृदू उच्चार टिकविण्यासाठी पुढे ‘ई’ हे अक्षर राहते, मात्र ‘इयों’ व ‘इये’ या प्रत्ययांपूर्वी ते गळते. ‘एत्युदिये’ (अभ्यास करणे) याच्या ‘नू’च्या रूपात ‘आय’ हे अक्षर दोनदा येते आणि ते पाहून विद्यार्थी मुद्रणदोष समजतात. तो दोष नव्हे. एक ‘आय’ अंगाचा आहे, दुसरा प्रत्ययाचा.

खरी अडचण लेखनात नाही, श्रवणात आहे. ‘झ पार्ले’ (मी बोलत असे) आणि ‘झे पार्ले’ (मी बोललो) ही रूपे देवनागरीत लिहिली तर क्रियापदाचा अंश अगदी सारखा दिसतो. प्रमाण फ्रेंचमध्ये पहिल्यातील अंत्य ‘ए’ विवृत आणि दुसऱ्यातील संवृत असतो. मराठीत हा भेद अर्थभेदक नसल्याने मराठी कानाला तो जाणवत नाही. दक्षिण फ्रान्समधील अनेक भाषकही तो पाळत नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. त्यांचा धीर वाढतो. अशा वेळी अर्थनिर्णय ‘झ’ की ‘झे’ एवढ्यावरच करावा लागतो. ‘मी जात असे’ यासाठीचे ‘झाले’ हे रूप तर कानाला मराठी ‘झाले’सारखेच भासते. पूर्ण झालेल्या क्रियेचा मराठी शब्द आणि अपूर्ण क्रियेचे फ्रेंच रूप यांची ही गाठ वर्गात हशा पिकविते, आणि रूपही लक्षात राहते.

या प्रत्ययांच्या आजच्या लेखनामागे इतिहास आहे. लॅटिनमधील अपूर्ण भूतकाळाच्या प्रत्ययांपासून जुन्या फ्रेंचमध्ये जी रूपे आली, ती दीर्घकाळ ‘ओ-आय’ या अक्षरांनी लिहिली जात. उच्चार ‘ए’ असा स्थिरावल्यानंतरही लेखन तसेच राहिले. अठराव्या शतकात व्होल्तेर यांनी ‘ए-आय’ या लेखनाचा आग्रह धरला. फ्रेंच अकादमीने मात्र आपल्या कोशाच्या 1835 च्या सहाव्या आवृत्तीत ते स्वीकारले. जुनी छापील फ्रेंच पुस्तके हाताळणाऱ्या अध्यापकांना हे ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

उपयोजन आणि मराठी रूपे :

‘अँपार्फे’ या संज्ञेचा मूळ अर्थ ‘अपूर्ण’ असा आहे, आणि म्हणून तिचे भाषांतर ‘अपूर्ण भूतकाळ’ असे केले जाते. ते चूक नाही, पण घातक आहे. मराठी व्याकरणात ‘अपूर्ण भूतकाळ’ म्हणजे ‘करत होता’ हे एकच रूप. विद्यार्थी तेवढेच समीकरण मनात धरतो. प्रत्यक्षात अँपार्फेच्या क्षेत्रात ‘करत होता’, ‘करत असे’ आणि ‘करी’ ही तिन्ही मराठी रूपे येतात. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथात रीतिभूताचा जो विचार आहे, तो फ्रेंचच्या अध्यापकानेही वाचण्यासारखा आहे. ‘आजी रोज पहाटे उठे’ या वाक्यातील ‘उठे’ हे रूप अँपार्फेच्या सवयीच्या अर्थाशी तंतोतंत जुळते. हे रूप आज बोलण्यातून मागे पडले असले तरी वाचनातून विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते.

‘मी घरी आलो तेव्हा पाऊस पडत होता, आई स्वयंपाक करत होती’ या वाक्यात ‘आलो’ ही घटना आहे, म्हणून तिथे पासे कोंपोझे. उरलेल्या दोन क्रिया त्या घटनेची पार्श्वभूमी आहेत, म्हणून तिथे अँपार्फे. जर्मन अभ्यासक हाराल्ट वाइनरिश यांनी 1964 च्या ‘टेंपुस’ या ग्रंथात हा भेद कथनातील पुढचा व मागचा पट असा मांडला. वर्गात ही मांडणी काळरेषेच्या आकृतीपेक्षा अधिक उपयोगी पडते. क्रिया किती वेळ चालली हा येथे प्रश्नच नसतो. कथनकर्ता तिच्याकडे आतून पाहतो की बाहेरून, हा असतो.

क्रियापदाचा अर्थही यामुळे बदलतो. ‘झ सावे’ म्हणजे ‘मला माहीत होते’, तर ‘झे स्यू’ म्हणजे ‘मला कळले’. मराठीत येथे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, फ्रेंचमध्ये क्रियापद एकच आणि भेद काळाचा. विनम्र विचारणेतही साम्य आढळते. ‘झ वुले वू दमांदे’ म्हणजे ‘मला आपल्याला विचारायचे होते’. विचारणे आताच आहे, तरी दोन्ही भाषा मर्यादा म्हणून भूतकाळाचा आडोसा घेतात.

तथापि मराठी सर्वत्र साथ देत नाही. तीन ठिकाणी ती चकवते. पहिले ठिकाण स्थितिदर्शक रूपांचे. ‘त्याने निळा शर्ट घातला होता’, ‘ती खिडकीपाशी बसली होती’ ही मराठी रूपे पूर्ण भूतकाळाची आहेत, म्हणून विद्यार्थी फ्रेंचमध्ये ‘प्ल्यू-क-पार्फे’ वापरतो आणि वाक्याचा अर्थ ‘त्यापूर्वी त्याने शर्ट अंगात चढविला होता’ असा काहीसा होतो. येथे केवळ स्थितीचे वर्णन अभिप्रेत असल्याने ‘इल पोर्ते’, ‘एल एते आसीझ’ असे अँपार्फेच हवे.

दुसरे ठिकाण मर्यादित कालावधीचे. ‘तो पाच वर्षे पॅरिसमध्ये राहत होता’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. फ्रेंचमध्ये ‘पाच वर्षे’ या मोजमापाने क्रियेला कुंपण घातले, की ती पूर्ण मानली जाते व पासे कोंपोझे येतो. उलट ‘युद्ध सुरू झाले तेव्हा तो पाच वर्षांपासून पॅरिसमध्ये राहत होता’ असे म्हटले, तर कालावधी तोच असूनही अँपार्फे लागतो, कारण त्या क्षणी राहणे चालूच होते. ‘वर्षे’ आणि ‘वर्षांपासून’ यांतील अंतर विद्यार्थ्याला मराठीतच आधी दाखवून दिले, तर पुढील काम निम्मे होते.

तिसरे ठिकाण संकेतार्थाचे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते’ या मराठी वाक्यात दोन्ही उपवाक्यांत ‘असते’ येते. त्या सवयीने विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे एकच रूप घालतो. फ्रेंचमध्ये ‘सी’ (जर) नंतर आजच्या असत्य कल्पनेसाठी अँपार्फे आणि मुख्य वाक्यात ‘कोंदिसियोनेल’ हेच बंधन आहे. ही चूक फ्रेंच मुलेही करतात, आणि त्यांचे शिक्षकही त्यांना तिच्याबद्दल टोकतात.

साहित्यातील अँपार्फे :

पदव्युत्तर वर्गात या काळाचा विचार गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्यापाशी येऊन थांबतो. मार्सेल प्रूस्त यांनी 1920 मध्ये ‘नूव्हेल रव्ह्यू फ्राँसेझ’ या मासिकातील लेखात फ्लोबेर यांच्या अँपार्फेचा विशेष गौरव केला. या काळाच्या आधारे फ्लोबेर पात्राचे विचार अवतरणचिन्हाशिवाय व ‘तिला वाटले’ असे न म्हणता थेट निवेदनात मिसळतात. यालाच मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. ‘मादाम बोव्हारी’वर 1857 मध्ये अनीतीच्या आरोपाखाली खटला भरला गेला, तेव्हा सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी एम्माच्या मनातील उन्माद लेखकाचाच म्हणून न्यायालयासमोर ठेवला. त्या वाचनातील गफलतीचे मर्म हान्स रॉबर्ट याउस यांनी पुढे उलगडून दाखविले. त्या वर्षीच्या 7 फेब्रुवारीला फ्लोबेर निर्दोष सुटले.

मराठी अनुवादकाला मात्र असा निवाडा प्रत्येक वाक्यापाशी स्वतःच करावा लागतो. फ्लोबेर यांचे एकच रूप ‘ती पाहत होती’ असे घ्यावे, ‘ती पाहत असे’ असे घ्यावे, की ‘ती पाही’ असे? पहिल्याने प्रसंग एकदाच घडल्यासारखा वाटतो. दुसऱ्याने तीच संध्याकाळ अनेकदा येऊन गेल्याचा भास होतो. फ्रेंच वाक्यात ही दोन्ही वाचने एकत्र नांदू शकतात. मराठीत त्यांतील एक सोडून द्यावे लागते.